पाणी एकाचे, बोट दुसऱ्याची

धरणाचा जलाशय हा आपल्या प्रशासनाच्या लेखी केवळ पाण्याचा साठा असतो. सुटीच्या दिवशी तेथे लोटणारी गर्दी कोणाच्याच खतावणीत नसते. केरळमधील थेक्कडी हे याचे सर्वांत बोलके उदाहरण, असे मी मानतो. त्रावणकोर संस्थानाने १८८६ मध्ये मद्रास सरकारला ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेल्या भूमीवर, १८९५ साली मुल्लपेरियार धरण पूर्ण झाले. त्याचे पाणी बोगद्यातून तमिळनाडूच्या वैगई खोऱ्यात जाते आणि धरणाचे दरवाजेही तमिळनाडूच उघडतो. भोवतालचे व्याघ्र अरण्य व तलावातील नौकाविहार मात्र केरळच्या अखत्यारीत.

पातळी किती असावी, यावर दोन्ही राज्ये वर्षानुवर्षे न्यायालयात भांडली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १४२ फुटांची मर्यादा मान्य केली. एकेका फुटासाठी केवढी विद्वत्ता खर्ची पडली! पण ३० सप्टेंबर २००९ रोजी ‘जलकन्यका’ ही पर्यटक बोट याच तलावात उलटून ४५ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा प्रश्न अगदी साधे निघाले: माणसे किती चढली, वरच्या मजल्यावर किती, आणि जीवरक्षक जाकिटे अंगावर का नव्हती? काठावरचे प्राणी पाहण्यासाठी प्रवासी एका बाजूला धावले, असे सांगण्यात आले. मला हे स्पष्टीकरण मान्य नाही. लोक तेथे प्राणी पाहायलाच येतात. ते उठून धावणार, हे गृहीत धरूनच बोट बांधायला हवी.

याच अरण्यात उलट दाखलाही आहे. एकेकाळी दालचिनीची साल चोरून तोडणाऱ्यांना वनखात्याने वाटाडे आणि पहारेकरी केले. येथील बांबूच्या तराफ्यांवरून मोजकेच पर्यटक नेले जातात.

संसदेने २०२१ मध्ये धरण सुरक्षा कायदा आणि अंतर्देशीय जलयान कायदा, दोन्ही संमत केले. पहिला भिंतीची काळजी वाहतो, दुसरा बोटीची. तरीही ७ मे २०२३ रोजी केरळमध्येच, तानूर येथे, पर्यटकांची बोट उलटून २२ जण दगावले. तेव्हा माझी मागणी साधी आहे. नौकाविहार चालणाऱ्या प्रत्येक जलाशयावर एकच उत्तरदायी अधिकारी असावा. पातळीतील बदल त्याला आगाऊ कळावा, कारण थेक्कडीत पाणी चढले की बुडालेल्या झाडांचे बुंधे नजरेआड होतात. आणि बोट भरली की धक्का बंद करण्याचा अधिकार, तिकिटाच्या उत्पन्नाशी संबंध नसलेल्या त्याच माणसाच्या हाती असावा.