सरासरीआड दडलेली आरोग्यविषमता

कोलकाता : महानगराचे आरोग्य सरासरीत मोजले की त्यातील दुर्बळ समाज सर्वप्रथम दिसेनासे होतात. २०११च्या जनगणनेनुसार कोलकात्यात मुस्लिम २०.६ टक्के, तर अनुसूचित जमाती जेमतेम पाव टक्का आहेत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या जिल्हा तक्त्यांत शहराची आकडेवारी आहे, तिची समाजनिहाय फोड नाही. देशपातळीवर मात्र हेच सर्वेक्षण पाच वर्षांखालील बालमृत्यूंचा दर सर्वसाधारणपणे हजारी ४१.९, तर अनुसूचित जमातींमध्ये ५०.३ असल्याचे सांगते. तफावत उघड आहे. ती नेमकी कोणत्या वस्तीत आहे, हे सांगणारी नोंद नाही.

वास्तविक माहितीची वाण नाही. रुग्णालयांचे केसपेपर, २०१६च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘स्वास्थ्य साथी’ योजनेचे दावे, रक्ततपासणी मोहिमांच्या नोंदी असे बरेच काही साठते, परंतु प्रत्येक जण आपापली वही सांभाळतो. दोन वह्या शेजारी ठेवल्या तर काय हाती लागते, याचा दाखला पश्चिम बंगालमधील मुस्लिमांच्या जीवनस्थितीवरील अहवालाने दिला होता. अमर्त्य सेन यांच्या हस्ते २०१६ मध्ये कोलकात्यात प्रकाशित झालेल्या या अहवालात गटनिहाय लोकसंख्या आणि आरोग्यसंस्था यांची सांगड घातली गेली. जेथे मुस्लिम वस्ती अधिक, तेथे लोकसंख्येच्या मानाने रुग्णालये कमी, असे त्यातून दिसले. त्यासाठी कोणाही रुग्णाचा कागद उघडावा लागला नाही.

रक्तविकारांच्या बाबतीत ही सांगड जीवनमरणाचा प्रश्न ठरते. पूर्व भारतात हिमोग्लोबिन ‘ई’चे वाहक बरेच आढळतात. अशा वाहकाचा विवाह बीटा थॅलेसेमियाच्या वाहकाशी झाल्यास प्रत्येक गर्भधारणेत चारात एक शक्यता आजारी अपत्याची असते. सिकलसेलच्या वाहकाबाबतही गणित तेच. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत महाराष्ट्राप्रमाणेच पश्चिम बंगालचाही समावेश आहे. पण तिचा रोख आदिवासीबहुल भागांवर. गावी तपासणी झालेली आदिवासी तरुणी कामासाठी कोलकात्यात आली आणि तिची नोंद मागेच राहिली, तर प्रसूतिपूर्व तपासणी करणाऱ्या डॉक्टरला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते.

संशोधन क्षेत्र याबाबत पुढे गेले आहे. कोलकात्यानजीकच्या कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्थेचा सहभाग असलेल्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने ३२ आदिवासी समूहांसह ८५ लोकसमूहांचा अभ्यास केला. त्याचा विदासंच जानेवारी २०२५ पासून ठरावीक नियमांच्या अधीन राहून संशोधकांना खुला झाला.

अशा देवाणघेवाणीची दुसरी बाजू दुर्लक्षिण्याजोगी नाही. टेंगऱ्यातील चिनी वंशीयांसारख्या लहान समाजाची प्रभागनिहाय आकडेवारी नाव वगळूनही व्यक्तीपर्यंत पोहोचवू शकते. करोनाकाळात आजाराला समाजाचे नाव चिकटू लागले, तेव्हा कोणत्याही समाजाला दूषण देऊ नये, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला एप्रिल २०२० मध्ये बजावावे लागले होते. तरीही आरोग्य, जात, जमात आणि धर्मश्रद्धा यांना ‘संवेदनशील’ मानणारा २०१९च्या विधेयकातील स्वतंत्र वर्ग २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात उरला नाही. ही त्रुटी किरकोळ नव्हे. ज्या समाजांनी माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे, त्यांनाच तिच्या गैरवापराचे भय सर्वाधिक आहे.

१ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक असलेल्या जनगणनेत जातींचीही गणना होणार आहे. शहरातील रुग्णालयांच्या नोंदी तिच्या आकड्यांशी पडताळायच्या, तर किती लहान गटाची आकडेवारी उघड करायची आणि मूळ नोंद कोणाच्या ताब्यात राहील, हे त्याआधीच ठरवावे लागेल.