राखणारा कुत्रा आणि हाकणारा कुत्रा: धनगरांच्या वाड्याचा न लिहिलेला इतिहास

१/
दिवाळी सरली की माण, खटाव, फलटण, पारनेर, संगमनेर अशा पर्जन्यछायेतील तालुक्यांतून धनगरांचे वाडे बाहेर पडतात. पुढे मेंढरे, मागे घोड्यांवर लादलेले बिऱ्हाड आणि आसपास दोन-तीन कुत्री. वाटसरूला ती साधी गावठी कुत्री वाटतात. दख्खनच्या शेतीचा इतिहास मात्र त्यांना वगळून नीट सांगताच येत नाही. हा धागा त्याविषयी.

२/
जगभरच्या मेंढपाळांकडे मुख्यतः दोन प्रकारचे कुत्रे आढळतात. हाकणारा कुत्रा शिटीच्या इशाऱ्यावर कळप वळवतो, फुटलेली मेंढी परत आणतो. राखणारा कुत्रा लहानपणापासून कळपातच वाढतो, रात्री जागतो आणि लांडगा आला तर त्याच्या अंगावर जातो. कोणत्या प्रदेशात कोणत्या कुत्र्याला महत्त्व आले, हे बरेचसे एका गोष्टीवर ठरले: तेथे लांडगा उरला की संपला.

३/
राखणारा कुत्रा फार जुना. इ.स.पूर्व पहिल्या शतकातील रोमन लेखक व्हारो याने शेतीवरील ग्रंथात कुत्र्याच्या गळ्यातील खिळे ठोकलेल्या चामडी पट्ट्याचे वर्णन केले आहे. लांडग्याने नरडे धरू नये म्हणून ही योजना. पुढच्या शतकातील कोलुमेला मेंढपाळाला पांढरा कुत्रा पाळण्याचा सल्ला देतो. पहाटेच्या अंधुक उजेडात लांडगा समजून स्वतःच्याच कुत्र्यावर घाव बसू नये, हे त्यामागचे कारण.

४/
इंग्लंडमध्ये गोष्ट वेगळ्या दिशेने गेली. १२८१ साली राजा पहिला एडवर्ड याने पीटर कॉर्बेट नावाच्या सरदाराला पश्चिमेकडील परगण्यांतील लांडगे नष्ट करण्याचे फर्मान दिले. सुमारे १५०० पर्यंत इंग्लंडमधून लांडगा नाहीसा झाला. राखणदाराचे काम संपले. उरले ते कळप हाकण्याचे. १८७३ साली वेल्समधील बाला येथे मेंढीकुत्र्यांची स्पर्धा भरली. १८९३ साली जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ हा कुत्रा आजच्या बॉर्डर कॉलीचा मूळपुरुष मानला जातो आणि १९०६ साली या कुत्र्यांसाठी आंतरराष्ट्रीय संस्थाही स्थापन झाली. जगाला ‘मेंढपाळाचा कुत्रा’ म्हणून कॉली ठाऊक आहे. पण ती लांडगा संपवलेल्या देशाची निर्मिती आहे.

५/
दख्खनमध्ये लांडगा संपला नाही आणि मेंढपाळही संपला नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावच्या उत्खननात इ.स.पूर्व १०००च्या सुमारास चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आलेल्या दिसतात. पाऊस घटला, शेती आक्रसली आणि लोक शेळ्या-मेंढ्यांच्या आधाराने अर्धभटके जीवन जगू लागले, असा निष्कर्ष म. के. ढवळीकर यांनी मांडला. दुष्काळी पट्ट्यात मेंढरे घेऊन हिंडणे हे मागासलेपण नव्हते, कोरड्या हवामानाला दिलेले शहाणपणाचे उत्तर होते.

६/
या जीवनात कुत्र्याचे स्थान काय होते, ते श्रद्धेत उमटले आहे. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतो. खंडोबाचे वाघे स्वतःला देवाचे कुत्रे मानत आणि कोटंब्यातील भिक्षा खाताना कुत्र्यासारखे भुंकत. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या दैवतांचा अभ्यास करताना जर्मन संशोधक गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि वाड्यांच्या जगाला अभ्यासाचा विषय बनवले. हे जग कागदावर नव्हते. ते गाण्यात होते.

७/
राजदरबारच्या कुत्र्यांचे नशीब निराळे. कर्नाटकातील आतकूर येथील दहाव्या शतकाच्या मध्यावरील प्रसिद्ध शिलालेखात ‘काळी’ नावाच्या शिकारी कुत्र्याचे स्मरण आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या कृष्णाच्या काळातील ही गोष्ट. रानडुकराशी झुंजताना डुक्कर आणि कुत्रा दोघेही मेले आणि कुत्र्यासाठी दगड उभा राहिला. पुढे मुधोळच्या शिकारी कुत्र्याला घोरपडे संस्थानिकांचा आश्रय लाभला आणि त्याच्या जातीला नाव मिळाले. ज्याने रात्रीमागून रात्री मेंढरे राखली, तो ‘गावठी’च राहिला.

८/
आता वाड्यातला एक दिवस. पहाटे कोकरे आयांना पाजायला सोडतात. शेकडो मेंढ्यांतून कोकरू आपली आई शोधते; मेंढी वासावरून खात्री करून घेते. ज्याला आईने झिडकारले, त्याला बाई मांडीवर घेऊन दुसऱ्या मेंढीचे दूध पाजते. उन्हे वर येताच पुरुष कळप घेऊन चरायला निघतात. बायका बिऱ्हाड आवरतात, घोड्यावर भांडी, घोंगडी, कोंबड्या आणि कधी लहान मूलही बांधतात. पुढच्या मुक्कामाला त्या आधी पोहोचलेल्या असतात.

९/
संध्याकाळी कळप परततो. मेखा ठोकून जाळीची वाघर ताणली जाते आणि मेंढरे आत कोंडली जातात. कुत्र्यांना भाकरी मिळते. मग ती वाघरीच्या बाहेर, एकमेकांपासून अंतर राखून बसतात. माणसे झोपतात, पण सावध. परका माणूस आल्यावरचे भुंकणे वेगळे आणि लांडगा आल्यावरचे वेगळे. जाणता मेंढका अंथरुणातच ते ओळखतो. दिवसा कळप वळवण्याचे काम बहुतांशी माणसाचा आवाज आणि काठी करते. कुत्र्याची पाळी रात्रीची.

१०/
ही वाघर लागते कुणाच्या जमिनीवर? बहुधा एखाद्या लहान शेतकऱ्याच्या. पीक निघालेले, रान मोकळे, एखादी बैलजोडी आणि अपुरे शेणखत. मेंढरे दिवसा धसकटे आणि पाला खातात. रात्री त्याच शेतात बसतात. लेंड्या आणि मूत्र जागच्या जागी पडते, खुरांनी मातीत तुडवले जाते. गाडीभाडे नाही की खत पसरण्याची मजुरी नाही. यालाच ‘मेंढ्या बसवणे’ म्हणतात. मोबदल्यात वाड्याला ज्वारी-बाजरी मिळे. आता रोख रक्कमही मिळते.

११/
मेंढरे उघड्या शिवारात रात्रभर बसली, तरच शेताला खत मिळते. उघड्या शिवारात लांडगा फिरतो, चोरही फिरतो. म्हणजे राखणारा कुत्रा नसेल तर मुक्काम नाही आणि मुक्काम नसेल तर खत नाही. धनगर आणि शेतकरी यांच्या कराराचा हा तिसरा, मूक भागीदार होता. रासायनिक खते येण्यापूर्वी दख्खनच्या कोरडवाहू जमिनीचा कस राखण्यात त्याचाही वाटा होता, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

१२/
इंग्रजी अमलाने या व्यवस्थेला दोन बाजूंनी धक्का दिला. १८७८च्या वन कायद्याने राखीव जंगले वाढली आणि चराई हा गुन्हा ठरू लागला. ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात महात्मा फुले यांनी गुरे-मेंढरांची चराई रोखणाऱ्या जंगल खात्यावर कठोर टीका केली, ती याच काळात. दुसरीकडे हिंस्र जनावरे मारण्यासाठी बक्षिसे लागली. १८७५ ते १९२५ या ५० वर्षांत भारतात दोन लाखांवर लांडगे मारले गेले असावेत, असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा अंदाज आहे. इंग्लंडने घरी जे केले होते, तेच येथेही घडवण्याची ही दिशा होती.

१३/
लांडगा तरीही उरला. पुणे, सोलापूर, अहिल्यानगरच्या माळरानांवर तो आजही आहे, म्हणजे नेमका जेथे मेंढरे चरतात तेथेच. याचा अर्थ मेंढपाळ संत होता असा नव्हे. कोकरू नेले की पोट तुटते आणि संतापाच्या भरात लांडग्याची पिल्ले मारल्याच्या, विष घातल्याच्या घटनाही घडल्या आहेत. कुत्र्यांमुळे लांडग्यांत रोग पसरण्याचा आणि संकराचा धोकाही खरा आहे. तरीही राखणदार कुत्रा ठेवून, थोडा तोटा सोसून लांडग्यासोबत राहण्याची रीत येथे टिकली. तिला संवर्धनाच्या इतिहासात स्थान मिळायला हवे.

१४/
प्रत्यक्षात उलट घडते आहे. सरकारी नोंदीत माळरान बहुधा ‘पडीक’ ठरते. मग तेथे झाडे लावतात, कारखाने काढतात किंवा कुंपण घालतात. कालव्याखाली ऊस आला की मोकळे रान उरत नाही. दख्खनी मेंढीच्या जाड, काळ्या लोकरीला भाव नाही. चिंचोक्याची खळ लावून खड्डामागावर विणलेल्या घोंगडीची जागा स्वस्त ब्लँकेटने घेतली. वाडा थांबला की मेंढरे विकली जातात आणि कुत्रा वेशीवर बेवारस होतो. जो कालपर्यंत राखणदार होता, तोच उद्या गावाला उपद्रव वाटू लागतो.

१५/
म्हणून मत स्पष्ट मांडायला हवे. मराठी इतिहासलेखन गड, लढाया आणि घराणी यांच्यापाशी थांबले, तर ज्या धान्यावर ते गड पोसले गेले त्याचा हिशेब अपुराच राहील. त्या हिशेबात धनगराची लेंडीखताची रात्र मोजावी लागेल आणि ती रात्र जागून काढणारा कुत्राही. चराईचे मार्ग, मुक्कामाच्या जागा आणि मेंढ्या बसवण्याचे करार ही इतिहासाचीच साधने आहेत. ती सांगू शकणारी पिढी आता म्हातारी झाली आहे.

१६/
गडाच्या वाटेवर वाडा उतरलेला दिसला, तर तरुण अभ्यासकांनी छायाचित्रावर समाधान मानू नये. वाडा कोणत्या गावाहून आला, आजोबांच्या काळी कोणत्या वाटेने जात असे, कोणत्या शेतकऱ्याकडे किती पिढ्या मेंढरे बसतात, हे विचारून टिपून ठेवावे. कुत्र्यांची नावेही विचारावीत. मात्र वाघरीजवळ जाण्याआधी लांबूनच हाक द्यावी. राखणदार आपले काम चोख करतो.