सुरक्षेची दोरी कुणाच्या कमरेला?

सुट्टी लागली की मुंबई-अहमदाबाद महामार्गावर उत्तरेकडे धावणाऱ्या मोटारींची रांग लागते. डहाणूचा सुरूच्या बनांचा किनारा, घोलवडचे चिकू, विवळवेढ्याची महालक्ष्मी ही या प्रवासाची जुनी आकर्षणे. अशा सहलींच्या यादीत अलीकडे महाराष्ट्रभर एका नव्या खेळाची भर पडली आहे. त्याचे नाव ‘रोप कोर्स’. दोन झाडांमध्ये वा खांबांमध्ये दोर ताणलेले असतात. त्यांवर झुलत्या फळ्या, जाळ्या, टांगलेले टायर. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या कमरेला पट्टा आवळला जातो, डोक्यावर हेल्मेट चढते, पट्ट्याची कडी वरच्या तारेत अडकवली जाते आणि ते मूल थरथरत पहिले पाऊल टाकते. खाली आईवडील मोबाईल उंचावून उभे असतात. दोर सांभाळायला बहुधा जवळच्या पाड्यावरचा एखादा तरुण असतो. छायाचित्रात तो सहसा येत नाही.

या खेळाला नाके मुरडण्याचे कारण नाही. ज्या मुलाचे अंगण सदनिकेच्या गॅलरीपुरते आकुंचित झाले आहे, त्याला चार घटका उंचीची भीती अनुभवता आली आणि ती जिंकता आली, तर ते चांगलेच आहे. प्रश्न वेगळा आहे. धाडस ही तिकीट काढून विकत घेण्याची आणि परदेशातून आयात करण्याची वस्तू आहे, असा जो संस्कार या निमित्ताने नकळत होतो, तो खरा आहे काय?

या खेळाचा इतिहासच त्याचे उत्तर देतो. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच नौदलातील अधिकारी जॉर्ज एबेर याने आफ्रिकेसारख्या प्रदेशांतील मूळ निवासींची लवचीक, चपळ, काटक शरीरे पाहिली. व्यायामशाळेचे तोंडही न पाहिलेली ही माणसे धावणे, चढणे, तोल सांभाळणे यांत युरोपीय सैनिकापेक्षा सरस आहेत, हे त्याच्या ध्यानात आले. त्यातून त्याने आपली ‘नैसर्गिक पद्धत’ सिद्ध केली आणि अडथळ्यांच्या मार्गाची कल्पना रुजवली. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ साली, वेल्समधील अॅबरडोव्ही येथे कुर्ट हान आणि लॉरेन्स होल्ट यांनी ‘आउटवर्ड बाउंड’ ही शाळा काढली. बुडत्या जहाजांवरील तरुण खलाशांनी धीर न सोडता तग धरावा, हा तिचा हेतू. आजचे रोप कोर्स याच परंपरेतून आले. म्हणजे ज्याला आपण पश्चिमेची देणगी समजून पैसे मोजतो, त्याचे मूळ वनात राहणाऱ्या माणसाच्या निरीक्षणात आहे. आणि तसा माणूस डहाणू-तलासरीत आपल्यासमोर उभा आहे!

तो कुठे दिसतो? उन्हाळ्यात महामार्गाच्या कडेला ताडगोळे विकणाऱ्यांच्या टोपल्या मांडलेल्या असतात. रोप कोर्सवरून परतणारे कुटुंबही तिथे गाडी थांबवते, भावाची घासाघीस करते आणि थंडगार गोळे चाखून पुढे जाते. ते गोळे चाळीस-पन्नास फूट उंच, फांदी नसलेल्या सरळसोट झाडाच्या शेंड्यावरून कुणी उतरवले? त्याच्या कमरेला पट्टा होता काय? डोक्यावर हेल्मेट होते काय? दहा फुटांवर खेळणाऱ्या मुलासाठी दुहेरी दोर, आणि पन्नास फुटांवर पोट भरणाऱ्या माणसासाठी केवळ हातापायांची पकड व देवाचा भरवसा! एकाच तालुक्यात, एकाच दिवशी दिसणारी ही विषमता कुणाला खटकत नसेल, तर त्या मुलाला आपण धाडस शिकवले असे म्हणता येणार नाही. त्याला केवळ करमणूक शिकवली.

चैत्र पौर्णिमेला महालक्ष्मीची यात्रा भरते. त्या रात्री वनवासी पुजारी देवीचा ध्वज घेऊन अंधारात अवघड डोंगर चढतो आणि शिखरावर तो फडकवतो. पायथ्याशी हजारो भाविक हात जोडून उभे असतात. तिथे चढणे हे व्रत आहे आणि चढणारा समाजाचा प्रतिनिधी आहे. साहसाला श्रद्धेचे आणि समाजाच्या मान्यतेचे अधिष्ठान लाभले की त्याची उंची कशी वाढते, याचा हा वस्तुपाठ आहे. तो पाहायला आपली मुले किती वेळा नेली जातात?

दोरीची विद्याही आपल्याला परकी नाही. उत्तर पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवसंजीवनी दिली. सप्तशृंगीच्या परिसरात त्यांना त्याची प्रेरणा मिळाली, असे परंपरा सांगते. पुढे वेताच्या मल्लखांबातून दोरीचा मल्लखांब आला. वरून सोडलेली एक सुती दोरी, गाठ नाही, कडी नाही. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांत ती धरून मूल वर चढते आणि आसने करते. तिथे यंत्र तोल सांभाळत नाही, मूल स्वतः सांभाळते. पडू नये म्हणून खाली गादी आणि शेजारी गुरू असतो. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी अनेक पिढ्यांना ही विद्या दिली. २०२४ साली त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. २०१९ मध्ये मुंबईत जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली, तेव्हा परदेशी खेळाडू शिवाजी पार्कच्या मातीला वंदन करून गेले. आपल्या घरातल्या मुलाला मात्र मल्लखांब म्हणजे काय, हे चित्र दाखवून सांगावे लागते!

‘वनवासी मुलांना या खेळांचे काय?’ असे विचारणाऱ्यांनी छत्तीसगडकडे पाहावे. नक्षलवादाने होरपळलेल्या नारायणपूर जिल्ह्यात पोलीस दलातील मनोज प्रसाद यांनी अबूझमाडच्या मुलांना मल्लखांब शिकवला. याच मुलांच्या पथकाने २०२३ मध्ये ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ ही स्पर्धा जिंकली. अंगी मूळचे असलेले कौशल्य, त्याला गुरूची जोड आणि समाजाची पाठराखण, एवढेच भांडवल होते. डहाणू-तलासरीच्या मुलांत यातले काय कमी आहे? कमी असलीच तर आपली दृष्टी कमी आहे.

तलासरीवर अनेक दशके लाल बावट्याचा प्रभाव राहिला. १९४५ च्या वारली लढ्याने वेठबिगारीच्या जोखडावर घाव घातला, हे सत्य नाकारण्यात अर्थ नाही. परंतु मोर्चात चालणारे पाय मोजणाऱ्यांनी त्या पायांतील पकड कधी पाहिली नाही. दुसरीकडे, वनवासी जीवन म्हणजे संग्रहालयात जपून ठेवायची चीज, असे मानणारे शहरी विद्वान आहेत. वारली चित्र भिंतीवर लावायचे आणि वारली मुलाला दोर धरायला ठेवायचे, हे त्यांचे संस्कृतिप्रेम! याच तलासरीत माधवराव काणे यांनी वनवासी मुलांच्या वसतिगृहासाठी आयुष्य वेचले, ते या दोन्ही वाटा सोडून. त्यांच्यासाठी वनवासी हा उपकाराचा विषय नव्हता, घरचा माणूस होता.

घरच्या माणसाशी घरच्यासारखे वागायचे, तर काही गोष्टी लगेच करता येतील. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यातील नोंदणीची व सुरक्षेची बंधने कागदावर राहू नयेत. मुलाला दोरावर चढवण्यापूर्वी नोंदणीपत्र आणि प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र मागून पाहणे, हा पालकांचा हक्क आहे. पाड्यावरच्या तरुणाला दोर धरणारा मजूर न ठेवता प्रशिक्षक म्हणून शिकवावे, प्रमाणपत्र आणि त्या योग्यतेचे वेतन द्यावे. ताडावर चढणाऱ्याला पट्टा आणि विमा मिळावा. आश्रमशाळांच्या अंगणात एक लाकडी मल्लखांब आणि एक दोरी लागावी. त्याला लागणारा खर्च एखाद्या रिसॉर्टच्या प्रवेशद्वाराच्या रोषणाईइतकाही नाही.

वाढवण बंदराचे भूमिपूजन २०२४ मध्ये झाले. बुलेट ट्रेनचा मार्गही याच भागातून जातो. १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जपलेल्या डहाणू तालुक्यात पैसा येईल, पर्यटक येतील, रिसॉर्टही येतील. त्या सगळ्या मांडामांडीत इथला तरुण दोराच्या कोणत्या टोकाला असेल, हे ठरवण्याची वेळ हीच आहे.

पुढच्या सुट्टीत मुलांना अवश्य घेऊन या. त्यांना दोरावर चढू द्या, भिऊ द्या, हसू द्या. पण उतरल्यावर त्यांना त्या तरुणाकडे न्या, त्याचे नाव विचारायला लावा, आणि ‘दादा, तुम्ही ताडावर कसे चढता?’ हा प्रश्न त्यांच्याच तोंडून येऊ द्या. जी दोरी एका मुलाला दुसऱ्याच्या श्रमाशी बांधते, तीच राष्ट्र बांधते. बाकीच्या दोऱ्या तासाच्या भाड्याने मिळतात.