गाळाचा उगम

आषाढातल्या एखाद्या सकाळी गोवळकोटच्या धक्क्यावर उभे राहून वाशिष्ठीचे पाणी तांब्यात भरून घ्यावे आणि तो घटकाभर तसाच ठेवावा. तळाशी गेरूसारखा तांबडा, बोटाला मऊ लागणारा जो थर बसतो, तो नदीचा नव्हे, वर कुठेतरी उघड्या पडलेल्या डोंगराचा आहे, हे इथल्या म्हाताऱ्या तांडेलाला सांगावे लागत नाही. सांगावे लागते ते सरकारी दप्तराला.

22 जुलै 2021 च्या महापुरात चिपळूण बुडाले, आणि पुढे नागरिक उपोषणाला बसले तेव्हा वाशिष्ठी व शिव या नद्यांतील गाळ उपसण्याची तजवीज झाली. ती अवश्यच होती. परंतु पात्र एका खात्याचे, रान दुसऱ्याचे, घाटरस्ता तिसऱ्याचा आणि खाडी चौथ्याची अशी वाटणी असल्यामुळे, ज्या उतारावरून हा गाळ येतो त्याची जबाबदारी कोणाच्याच खतावणीत सापडत नाही.

दुखणे जुने आहे. 1847 मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झालेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी, डोंगरावरची झाडी तुटल्याने किनाऱ्यावरच्या खाड्या भरून येत आहेत, याकडे सरकारचे लक्ष त्याच सुमारास वेधले होते. तेव्हा दोष वरकस जमिनीत नाचणी-वरी पिकविणाऱ्या कुळाच्या माथी मारणे सोपे होते. पण ते कूळ दोन-चार पिके घेऊन जमीन कित्येक वर्षे पडीत तरी टाकी. सरपणासाठी उभे रान एका हंगामात साफ करणाऱ्या मक्तेदाराला, किंवा परशुराम घाटात डोंगराची कड सरळ उभी कापणाऱ्या यंत्राला, पडीत हा शब्दच ठाऊक नाही.

गाळ मुळात शत्रू नव्हे. खाजणे आणि कांदळवने त्याच्यावरच पोसली. प्रश्न प्रमाणाचा आहे. गोड्या पाण्याची खाऱ्याशी गाठ पडली की मातीचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून जड होतात व तळाशी बसतात, आणि त्यांना धरून शेतातल्या खतांतील स्फुरदही खाडीत उतरतो. तिसऱ्या आणि कालवे पाणी गाळूनच पोट भरतात. गढूळपणा अतोनात वाढला म्हणजे त्यांचे कल्ले चोंदतात, आणि ओहोटीला टोपली घेऊन चिखलात उतरलेली बाई अर्ध्या टोपलीनेच परतते. उपसलेला गाळ काठावरच रचून ठेवला, तर पहिल्याच मोठ्या सरीने तो पुन्हा पात्रात जातो, हे तर सांगायलाही लाज वाटते!

यंत्रे पात्रात उतरवू नयेत, असे माझे म्हणणे नाही. मागणी एवढीच, की गाळ उपसण्याच्या पुढल्या मंजुरीच्या कागदावर नदीच्या नावाआधी त्या उघड्या उतारांचे सर्व्हे नंबर लिहिले जावेत, आणि बांधबंदिस्ती व झाडोरा यांचा खर्च त्याच मंजुरीत धरावा.