वयाचा दाखला

जानेवारी २०१४. एका अमेरिकी संकेतस्थळाने न्यूझीलंडच्या जन्मनोंदणी कार्यालयातून एक जन्मदाखला मागवला. तिथे फी भरली की कुणाचाही मिळतो. हा दाखला होता एला येलिच-ओ'कॉनर या मुलीचा, जिला जग लॉर्ड या नावाने ओळखते. जन्मतारीख ७ नोव्हेंबर १९९६. म्हणजे वय वर्षे सतरा. ती सांगत होती तेच खरे निघाले. दाखला छापून आला आणि विषय मिटला.

यात थट्टा बरीच होती, हे मान्य. पण थट्टेलाही बूड लागते. ही मुलगी सतरा वर्षांची असूच शकत नाही, अशी कुजबुज तेव्हा खरोखर चालू होती. शंकेचे मूळ तिच्या गाण्यांत आणि बोलण्यात होते. ती त्या वयाची वाटत नव्हती. गाणे चांगले आहे, सबब वयाचा पुरावा दाखवा.

समीक्षकांनी वेगळे काय केले? फी भरली नाही, एवढेच. 'प्युअर हिरोइन' हा तिचा पहिला अल्बम सप्टेंबर २०१३चा. त्यावरचे परीक्षण उघडावे आणि वय आधी भेटावे. सोळा. मागोमाग ठरलेले विशेषण: प्रगल्भ. चार वर्षांनी, जून २०१७मध्ये, 'मेलोड्रामा' आला. आता वय वीस, आणि विशेषण तेच. जी सोळाव्या वर्षीच प्रगल्भ होती ती विसाव्या वर्षी पुन्हा प्रगल्भ कशी झाली, हे कुणी स्वतःला विचारलेले दिसत नाही.

आपल्याकडे हे वाक्य चांगले रुळलेले आहे. 'वयाच्या मानाने समज आहे.' तरुण गायिकेची बैठक झाली की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तांतात ते असतेच. लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धांत तर परीक्षकांचे निम्मे काम याच वाक्यावर निभावते. यमन कसा झाला? निषादावर ती थांबली की घाईने निघून गेली? ते राहूनच जाते. आपण काय अपेक्षा घेऊन बसलो होतो, एवढेच ऐकणारा सांगतो.

'मेलोड्रामा'ची परीक्षणे वाईट नव्हती. उलट, परीक्षणांची गोळाबेरीज करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर त्याला शंभरपैकी ९१ पडले. गुण योग्यच आहेत. तक्रार आहे ती कारणाबद्दल. त्यातले 'लायबिलिटी' ऐकावे. एक पियानो, एक आवाज. ढोल नाही, ताशा नाही, पॉपमध्ये पोकळी भरायला लोक जे काही ओततात त्यातले काही नाही. पियानोही मिरवत नाही. साधे स्वर दाबून धरतो आणि सोडतो. आवाज इतका जवळ की श्वाससुद्धा कानावर येतो. आपण माणसांना झेपत नाही, लोक येतात, मजा घेतात आणि कंटाळून जातात, असे एक मुलगी स्वतःशी बोलते आहे. हे गाणे उभे राहते ते त्यात काय ठेवले नाही यावर. तो निर्णय कुणी घेतला, का घेतला, हे लिहिण्यासारखे होते. लिहिले गेले ते विसाव्या वर्षातल्या समजुतीबद्दल. जे उरले ते तिचा सहनिर्माता जॅक अँटोनॉफ याच्या खात्यावर जमा झाले. अल्बम माझा आहे, त्याने मदत केली, असे तिला पुढे स्पष्टपणे सांगावे लागले.

त्याच वर्षी, लॉर्डच्या ऑकलंडमध्ये आणखी एक अल्बम झाला. 'क्राउडेड हाउस' या बँडचा नील फिन. वय एकोणसाठ. 'आउट ऑफ सायलेन्स' हा सगळा पियानोभोवती बांधलेला अल्बम त्याने ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी रात्री, आपल्याच राउंडहेड स्टुडिओत, जगासमोर थेट प्रक्षेपण चालू असताना ध्वनिमुद्रित केला. भोवती गाणाऱ्यांचा मोठा ताफा. आठवडाभरात तो बाजारात. प्रौढ पॉप म्हणावे ते हेच. पण फिनबद्दल बोलणे निघाले की ते त्या रात्रीचे निघते, स्वररचनेचे निघते, भाऊ टिम सोबत गायला त्याचे निघते. त्याच्या वयाच्या मानाने समज आहे, असे म्हणायचे कुणाच्या मनातही येत नाही. पियानोसमोर बसलेल्या एकोणसाठ वर्षांच्या पुरुषाला कळते, हे गृहीतच असते.

२०२१मध्ये लॉर्डचा 'सोलर पॉवर' आला. वय चोवीस. समुद्र, ऊन, प्रसिद्धीपासून दूर जाणे, बरे चालले आहे असे सांगणे. स्वागत कोमट झाले. हा अल्बम फारच निवांत आहे, अशी तक्रार होती. त्यातल्या बऱ्याच चाली एकमेकींसारख्या वाटतात, हे आमचेही मत आहे. तेवढे म्हटले असते तरी ती समीक्षा ठरली असती. पण निवांत असणे हा दोष कधीपासून झाला? दुखावलेली वीस वर्षांची मुलगी प्रगल्भ, आणि सावरलेली चोवीस वर्षांची बाई सपक? मग ते विशेषण समजुतीचे नव्हतेच. जखमेचे होते.

तिच्या गाण्याबद्दल थेट बोललेला एक माणूस आठवतो. तो समीक्षक नाही. मॅक्स मार्टिन, पॉपमधला सर्वांत यशस्वी कारागीर, चाल कुठे चढवायची आणि ठेका कुठे आणायचा याचे गणित ज्याच्या बोटांवर आहे. 'मेलोड्रामा'तले 'ग्रीन लाइट' ऐकून तो म्हणाला, ही रचना चुकीची आहे. हे लॉर्डनेच नंतर सांगितले. तो अपमान नव्हता, निरीक्षण होते. गाणे जड पियानोने सुरू होते. मग स्वरपट्टी अचानक बदलते आणि तोच पियानो नाचायला लागतो. ज्या ठिकाणी ढोल पडायलाच हवा तिथे तो पडत नाही. मार्टिनने वय विचारले नाही. जागा दाखवली.

तिने ती जागा आहे तशीच ठेवली.