खिडकीतला कप आणि विविधतेचं प्रशिक्षण



गेल्या महिन्यात सात रस्त्याजवळच्या एका कार्यालयात ‘विविधता’ या विषयावर कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण झालं. सामाजिक कार्यकर्ता म्हणून मलाही बोलावलं होतं. प्रशिक्षकांनी गट पाडले, कागद वाटले. प्रत्येक कागदावर एक प्रसंग आणि खाली प्रश्न : ‘तुम्ही काय कराल?’ बाळंतपणाच्या रजेवरून परतलेली कर्मचारी, मराठी न येणारा सहकारी, संगणकाला बिचकणारे ज्येष्ठ कारकून. प्रसंग चांगले होते, चर्चाही रंगली. जात मात्र एकाही कागदावर नव्हती. मी विचारलं, तर उत्तर आलं, “तो विषय संवेदनशील आहे, वातावरण बिघडतं.”

मग चहा आला. सगळ्यांना एकसारखे कप. सफाई करणाऱ्या मावशींचा कप वेगळा, खिडकीत उपडा ठेवलेला. त्यांनी तो घेतला, चहा प्यायला, विसळला आणि पुन्हा खिडकीत ठेवला. वातावरण अजिबात बिघडलं नाही!

आपल्यातलेच काही म्हणतील, असल्या नाटकांवर बहिष्कारच टाका. मला ते पटत नाही. प्रसंग सांगून जात उघडी पाडण्याची पद्धत बाबासाहेबांचीच आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी अस्पृश्यतेची व्याख्या देत बसण्यापेक्षा घडलेल्या गोष्टी सांगितल्या. त्यातला शेवटचा प्रसंग तर सरकारी नोकरीतलाच आहे. गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात, बोरसद तालुक्यात, तेव्हा भंगी म्हटल्या जाणाऱ्या समाजातला एक तरुण तलाठी म्हणून रुजू होतो. मामलेदार कचेरीत सगळ्यांसाठी पिण्याचं पाणी भरलेलं, याच्यासाठी मात्र वेगळं गंजकं भांडं. गावात राहायला घर मिळत नाही. शेवटी जमाव अंगावर येतो आणि त्याला रजेचा अर्ज देऊन निघावं लागतं. त्याची पात्रता कमी पडली नव्हती. गंजकं भांडं आणि खिडकीतला कप, फरक कितीसा आहे?

आपलं सोलापूर गिरण्यांचं शहर, म्हणून आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मुंबईच्या गिरण्यांत दलित कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागे, आणि त्यामुळे म्हणे विटाळ होई. जास्त मजुरी नेमकी त्याच खात्यात होती. १९२८च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. म्हणजे कामाच्या जागी जात हा फक्त ‘भावना दुखावण्याचा’ मामला कधीच नव्हता. तो पगाराचा, बढतीचा आणि भाकरीचा प्रश्न आहे.

म्हणून प्रशिक्षण हवंच, पण आपल्या अटींवर.

पहिली अट : जातीचं नाव घ्या. आडनाव कळेपर्यंत गाव विचारत राहणारा सहकारी, ‘कोट्यातून आलाय’ ही कुजबुज, १४ एप्रिल जवळ आला की मारले जाणारे टोमणे, हे सगळं कागदावर आलं पाहिजे.

दुसरी अट : आमच्या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. ‘आरक्षणाबद्दल तुमचं मत काय?’ असा प्रश्न टाकला की खोलीतला एकटा बौद्ध कर्मचारी तासभर स्वतःची लायकी सिद्ध करत बसतो. प्रश्न असा हवा : कुजबुज ऐकूनही साहेब गप्प बसले, त्यांचं कर्तव्य काय होतं?

तिसरी अट : चर्चा हा कारवाईला पर्याय नाही. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने प्रशिक्षण आणि तक्रार समिती या दोन्ही गोष्टी मालकावर बंधनकारक केल्या. खासगी कार्यालयांत जातीय छळासाठी तसं बंधन नाही. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९पासून आहे, पण त्यासाठी पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते, आणि नोकरी टिकवायची असलेला माणूस ती चढायला कचरतो. मग तक्रार नोंदवणारी समिती कार्यालयातच का नको? ही मागणी आपणच रेटली पाहिजे.

नोकरी करणाऱ्या तरुणांनो, तुमच्यासोबत घडलेले प्रसंग लिहून काढा. नावं गाळा, पण घटना गाळू नका.

त्या कार्यालयाला मी एक प्रसंग लिहून दिला आहे : खिडकीतला कप. मावशींना उभं करून काही विचारू नका, असंही बजावलं आहे. त्या कंत्राटी आहेत, खरं बोलल्या तर काम जाईल. प्रश्न कपाटातल्या कपांतून चहा पिणाऱ्यांसाठी आहे : हा नियम कोणी केला, आणि उद्या सकाळी तो कोण मोडणार?

जय भीम! जय संविधान!