संगणकाची वाढती भूक

बचत खात्यावरील व्याज कसे मोजतात, हा सहसा चर्चेचा विषय होत नाही. ३१ मार्च २०१० पर्यंत ते दरमहा १० तारखेपासून महिनाअखेरीपर्यंतच्या किमान शिल्लकेवर मिळत असे, हे आज अनेकांना आठवणारही नाही. एखाद्याच्या खात्यात १ तारखेपासून ५०,००० रुपये असले आणि २५ तारखेला मुलाच्या शिक्षणशुल्कासाठी त्याने ४९,५०० रुपये काढले, तर त्या महिन्याचे व्याज उरलेल्या ५०० रुपयांवरच. तेव्हाच्या साडेतीन टक्के दराने दीड रुपयाच्याही आत! चोवीस दिवस बँकेकडे राहिलेल्या रकमेचा मोबदला जवळजवळ शून्य.

यात बँकांचा लाभ होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु आकडेमोडीची अडचणही खरी होती. खतावणीत हाताने ‘प्रॉडक्ट’ काढणाऱ्या लिपिकाने हजारो खात्यांची रोजची शिल्लक मांडावी कशी? शाखांचे संगणकीकरण झाल्यावर ही सबब उरली नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार १ एप्रिल २०१० पासून व्याज दैनंदिन शिल्लकेवर मिळू लागले. वरील खातेदाराचे व्याज त्यामुळे सुमारे ११५ रुपयांवर गेले आणि संगणकावर वर्षाकाठी प्रत्येक खात्याचे बारा आकड्यांऐवजी ३६५ आकडे हाताळण्याचे काम आले. ही मागणी सर्वथा रास्त होती.

मात्र संगणकाने पुरी केलेली अपेक्षा लवकरच सवय होते आणि पुढची अपेक्षा दाराशी उभी राहते. दिवसअखेरीची आकडेमोड पूर्वी रात्री निवांत चाले. २०१६ मध्ये यूपीआय आले, १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटीही अहोरात्र सुरू झाले आणि बँकेची रात्र संपली. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयच्या मासिक व्यवहारांनी २,००० कोटींचा टप्पा ओलांडला.

भार केवळ व्यवहारांचा नाही; विचारणांचाही आहे. एप्रिल २०२५ मध्ये यूपीआय सेवा खंडित झाली, तेव्हा व्यवहारांची स्थिती पुनःपुन्हा विचारणाऱ्या यंत्रणांच्या विनंत्या हे त्याचे एक कारण ठरले. १ ऑगस्ट २०२५ पासून एका अ‍ॅपवर दिवसाला पन्नास वेळाच शिल्लक पाहता येईल, अशी मर्यादा आली. ती पुरेशी आहे. तथापि वारंवार शिल्लक पाहणाऱ्यास उतावीळ ठरवणे अन्यायाचे होईल. ज्याच्या खात्यात चारशे रुपये आहेत आणि मजुरी आज जमा व्हायची आहे, तो किराणा दुकानात उभा राहून तीनदा शिल्लक पाहणारच. अडकलेल्या व्यवहाराचे पैसे गेले की राहिले, हे त्याला कुणी स्पष्ट सांगत नाही, म्हणून तो विचारतो.

तेव्हा नवे सर्व्हर घेण्याबरोबरच बँकांनी न विचारता सांगण्याची सवय लावून घ्यावी. यशस्वी व्यवहाराच्या संदेशातच शिल्लक कळवण्याची सूचना बँकांना मिळालेली आहे. तिचे पालन मनापासून झाले पाहिजे. २०२२ मध्ये आलेल्या यूपीआय लाइटचा प्रचारही शाखांनी आपणहून करावा. त्यात लहान रकमा मोबाइलमधील शिलकीतूनच वळत्या होतात, मुख्य खात्याला प्रत्येक वेळी हात लावावा लागत नाही. दहा चहांच्या दहा नोंदी पासबुकात छापण्याऐवजी एकच नोंद छापावी लागते आणि छपाई यंत्रापुढची रांगही तेवढीच आखूड होते.